वाचकांचे प्रश्न : एकाच संगणकात तीन हार्ड डिस्क का गेल्या?

प्रश्न : आमच्या घरच्या संगणकातील तिसरी हार्ड डिस्क गेल्या पावसाळ्यात बंद पडली. तिन्ही डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. दुरुस्तीवाला प्रत्येक वेळी ‘डिस्क खराब आहे’ एवढेच सांगून नवी बसवतो. गावच्या जत्रेतील नाटकांची चित्रीकरणे आणि चवथीच्या घुमट आरत्यांची ध्वनिमुद्रणे त्यांत होती. त्यांतील बरीच कायमची गेली. आता काय करावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नाटक पुढच्या जत्रेतही होईल, पण त्या वर्षी त्यात उभी राहिलेली माणसे पुन्हा टिपता येणार नाहीत, म्हणून चौथी डिस्क विकत घेण्यापूर्वी या प्रश्नाच्या मुळाशी जाणे आवश्यक आहे. तीन कंपन्यांच्या डिस्क एकाच संगणकात निकामी होतात, तेव्हा त्या तिघींना मिळालेला वीजपुरवठा प्रथम तपासावा. डेस्कटॉपमधील मोठ्या डिस्कची मोटर १२ व्होल्टवर आणि तिचे इलेक्ट्रॉनिक भाग ५ व्होल्टवर चालतात. हे दोन्ही दाब एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्याकडून येतात, आणि स्वस्त किंवा जुना एसएमपीएस ते स्थिर ठेवू शकत नाही. संगणक चालू असताना तंत्रज्ञाकडून मोकळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून घ्यावा : पिवळ्या व काळ्या तारेमध्ये ११.४ ते १२.६ आणि लाल व काळ्या तारेमध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यांच्या बाहेर आकडा गेला, तर एसएमपीएस त्याच दिवशी बदलावा.

घर जुने असेल तर अर्थिंगही पाहून घ्यावे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर ते ठीक नाही हे उघड आहे. आपल्याकडे पावसात करंट एका तासात चार वेळा जातो आणि येतो. जाताना लिहिणे अर्धवट राहून फायली बिघडतात, आणि परत येताना दाबाचा जो झटका बसतो, त्याने डिस्कच्या सर्किटलाच इजा होऊ शकते. त्यामुळे यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरीही जिवंत हवी. काम सेव्ह करून यूपीएसचा प्लग काढावा. संगणक लगेच बंद पडला, तर तो यूपीएस केवळ शोभेचा आहे.

दमटपणाचा दोषही आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो. समुद्राकडच्या खारट हवेत डिस्कच्या सर्किट बोर्डवरील जोडांना गंज चढतो, विशेषतः संगणक आठवडेच्या आठवडे बंद राहिला तर. तो जमिनीवर किंवा खिडकीखाली ठेवू नये आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवावा. उष्णतेला मात्र लोक फार दोष देतात. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फार जास्त तापमान आणि जुन्या डिस्क सोडल्या तर तापमान व बिघाड यांचा ठळक संबंध आढळला नाही.

डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. त्यातील क्रमांक ५ व १९७ (षोडशमान पद्धतीत ०५ व सी५) या नोंदी डिस्कवरील खराब किंवा संशयास्पद जागा मोजतात. त्यांचे मूळ आकडे (रॉ व्हॅल्यू) शून्यावरून वाढू लागले, तर आधी बॅकअप घ्यावा, मग इतर विचार करावा. १९९ (सी७) वाढत असेल तर बहुधा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल दोषी असते, डिस्क नव्हे. ही केबल बदलायला फारसा खर्च येत नाही. पण स्मार्टवर विसंबू नये : त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान वगळता कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती.

म्हणूनच मौल्यवान फायलींच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, दुसरी काम झाल्यावर काढून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा मडगाव-म्हापशाच्या नातेवाइकांकडे. प्रत काढल्यावर त्यातील दोन-चार चित्रीकरणे शेवटपर्यंत चालवून पाहावीत, कारण न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारे भाग नसतात, म्हणून संगणकात ती बसवणे उत्तम; पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची एकमेव प्रत तिच्यावर असू नये.

प्रश्न : डिस्कमधून टकटक आवाज येतो. फ्रीजरमध्ये ठेवल्यास ती चालू होते, हे खरे का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : कृपया असे करू नये. गार डिस्क आपल्या दमट हवेत बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, आणि बहुतेक डिस्कना हवेसाठी सूक्ष्म छिद्र असल्यामुळे ओलावा आतही जाऊ शकतो. चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला तो परवडणारा नाही. टकटक म्हणजे बहुधा हेडचाच बिघाड, आणि प्रत्येक वेळी चालू केल्याने चकतीवर ओरखडे वाढतात. डिस्क तत्काळ बंद करावी, उघडू नये, आणि धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी केंद्राकडे पाठवण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी मागावा.