वस्तरा नंतर, आधी फेस

भावा, वस्तरा घेतलास ते बेस्ट केलंस, पण सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसता फेस करायला शीक. दाढी नेहमीच्याच रेझरनं कर.

ब्रश कोमट पाण्यात भिजव, झटकून घे आणि साबणावर अर्धा मिनिट तरी फिरव. मग वाटीत थेंब-थेंब पाणी घालत घोटत राहा. बोअरचं जड पाणी असेल तर फेस विरून जातो. नळाचं किंवा फिल्टरचं वापर. मोठे बुडबुडे दिसले तर अजून घोट. घट्ट, चकचकीत दह्यासारखा झाला आणि बोटांत चोळल्यावर सुळसुळीत लागला की जमला. नवशिके पाणी कमी घालतात, फेस गालावरच वाळतो आणि दोष धारेला देतात!

फेस जमू लागला की मग वस्तऱ्यानं दाढी, तीही अंघोळीनंतरच कर. पहिल्यांदा फक्त गाल, केस वाढतात त्याच दिशेनं. दुसऱ्या हातानं कातडी ताण, वस्तरा कातडीशी साधारण 30 अंशांत ठेव आणि जोर अजिबात देऊ नकोस. हनुवटी, मिशी नंतर बघू.

धार नीट राहावी म्हणून वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढतात; तसं ओढताना वस्तऱ्याची पाठ पुढं, धार मागं. वळवायचा तो पाठीवरच. पट्ट्यासाठी कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत चामडं मिळेल, पण गुळगुळीत, एकसारख्या जाडीचंच घे.

सलूनमधला अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वेगळा, त्याला पट्टा लागत नाही. पण माझ्या मते तो चूक कमी माफ करतो.

दाढी झाली की तुरटी फिरव. आपल्याकडच्या पावसाळ्यात वस्तरा कोरडा पुसून तेलाचा थेंब लाव, नाहीतर गंज धरतो.