कागद नसलेल्या जिरेटोपाची किंमत

प्रश्न : माझे आजोबा कोल्हापुरातील एका स्टुडिओच्या कपडेपटात नोकरीला होते. त्यांनी जपून ठेवलेला जरीकाम केलेला जिरेटोप आणि म्यानासह एक तलवार आमच्या घरी आहे. पन्नाशीच्या दशकातील एका ऐतिहासिक चित्रपटात नायकाने हाच जिरेटोप घातला होता, असे आजोबा सांगत. कागद मात्र एकही नाही. मुंबईतील एक व्यापारी दोन्ही वस्तूंचे मिळून 15,000 रुपये देऊ करतो, तर दुसरे एक गृहस्थ म्हणतात, की ते प्रमाणपत्र तयार करून देतील आणि मग लाखांत बोली लागेल. खरी किंमत कशी ठरवावी?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या जिरेटोपाला दोन निरनिराळ्या किमती आहेत आणि त्यांची गल्लत झाली की फसगत होते. पहिली किंमत जुन्या कारागिरीची. हाताने भरलेली जर, कापडाची आजची अवस्था, मोत्यांची गुंफण यांसाठी जेवढे पैसे एखाद्या नाटक कंपनीच्या जुन्या जिरेटोपाला मिळाले असते, तेवढे आपल्यालाही मिळतील. दुसरी किंमत त्या नायकामुळे येणारी, आणि ती अनोळखी माणसाला स्वतः पडताळून पाहता येईल एवढ्याच आधारावर मिळते. आजोबांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. परंतु आज विकत घेणारा उद्या तीच वस्तू तिसऱ्याला विकेल, तेव्हा आजोबांना साक्षीला बोलावता येणार नाही, हे तो भाव करतानाच धरून चालतो.

म्हणूनच प्रमाणपत्र करून देणाऱ्या गृहस्थांपासून दूर राहावे. वस्तू न तपासता, कशाशी ताडून पाहिली हे न लिहिता दिलेल्या प्रमाणपत्राला जाणकार ग्राहक किंमत देत नाही, आणि त्याच्या आधारे वस्तू विकल्यास खोटेपणाचा ठपका आपल्यावर येऊ शकतो. नोटरीपुढे केलेल्या प्रतिज्ञापत्राचेही तेच. आपण अमुक सांगितले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

खरा पुरावा बहुधा वस्तूच्या अंगावरच असतो. हाताने केलेल्या जरीकामात प्रत्येक टाका थोडा वेगळा पडतो. एखादा मोती रांगेबाहेर असतो, एखाद्या फुलाची पाकळी आखूड राहते, तुऱ्याची बैठक किंचित तिरकी असते. जिरेटोपाचे चारही बाजूंनी, चांगल्या उजेडात छायाचित्रण करून त्या खुणा चित्रपटातील जवळच्या दृश्यांशी ताडून पाहाव्यात. इंटरनेटवरील धूसर प्रतीवर हे काम होत नाही. त्या काळच्या प्रसिद्धीसाठी काढलेली स्थिरचित्रे आणि लॉबी कार्डे, म्हणजे चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात लावली जाणारी छापील चित्रे, अधिक उपयोगी पडतात. त्यांच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे चौकशी करावी. रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण कृष्णधवल चित्रात लाल आणि गर्द हिरवा सारखेच दिसू शकतात.

अशा बारकाव्यांना किती महत्त्व असते, हे 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या हॉलिवूडच्या चित्रपटातील लाल बुटांवरून कळते. या बुटांचे अनेक जोड बनवले गेले होते. त्यांपैकी एक जोड 2005 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका संग्रहालयातून चोरीला गेला आणि 2018 मध्ये सापडला. अमेरिकेतील राष्ट्रीय संग्रहालये चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेतील तज्ज्ञांनी तो आपल्या संग्रहातील जोडाशी ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही जोडांतील एकेक बूट पूर्वीच कधीतरी अदलाबदल झाल्याचे दिसले. तोच सापडलेला जोड 2024 मध्ये 2 कोटी 80 लाख डॉलरच्या बोलीला गेला. लिलावगृहाचे शुल्क धरून रक्कम 3 कोटी 25 लाख डॉलर झाली. हे आकडे आपल्याकडच्या बाजाराला लागू नाहीत, तपासणीची रीत मात्र लागू आहे.

तलवारीबाबत फारशी आशा धरू नये. गर्दीच्या दृश्यांसाठी एकाच घडणीच्या अनेक तलवारी लागत, त्यामुळे नायकाच्या हातातली कोणती आणि मावळ्याच्या हातातली कोणती, हे एखाद्या ठळक खुणेशिवाय सांगता येत नाही. शिवाय कपडेपटातील सामान एका चित्रपटापुरते नसे. ते भाड्याने जाई, दुरुस्त होई, नव्या पात्रासाठी बदलले जाई. जिरेटोपाच्या आतल्या अस्तरावर शिक्का, क्रमांक किंवा शाईने लिहिलेले नाव आहे का, हे अस्तर न उसवता पाहावे. वस्तू धुऊ नये, जरीला पॉलिश लावू नये. घामाचा डाग आणि जुनी शिवणही कामाची असते.

आजोबांच्या नोकरीचा मागही काढावा. पगाराची पावती, स्टुडिओतला एखादा सामूहिक फोटो, जुने पत्र, काहीही चालेल. कोल्हापूरच्या स्टुडिओंचे दप्तर सहज हाती येईल असे नाही. गांधीहत्येनंतर 1948 मध्ये उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओच जळाला होता. घरातील वडीलधाऱ्यांकडून आठवणी आताच लिहून घ्याव्यात आणि त्यांनी स्वतः पाहिलेले काय व ऐकलेले काय, हे वेगवेगळे नोंदवावे. या दोहोंची सरमिसळ असलेले टिपण ग्राहकाला पहिल्याच वाचनात संशयास्पद वाटते.

व्यापाऱ्याने सांगितलेले 15,000 रुपये पहिल्या प्रकारच्या किमतीचे आहेत, आणि त्या हिशेबाने ते अपमानास्पद म्हणता येणार नाहीत. तरीही जिरेटोप आणि तलवार एकत्र देऊ नयेत, कारण पुरावा मिळालाच तर तो जिरेटोपाचा मिळण्याची शक्यता अधिक आहे. हवी तर तलवार आज विकावी. जिरेटोप ताडून होईपर्यंत थांबावे, आणि खुणा जुळल्या नाहीत तर विक्रीच्या पावतीवर चित्रपटाचे नाव ‘कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार’ या शब्दांसहच लिहावे.