मायग्रेनच्या दाव्याला शून्य टक्के मिळाले, आता अपील करावं का?

तुम्ही लिहिलंय की यजमान आठ वर्षं अमेरिकन आर्मीत होते, व्हीएने (माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याने) मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा, भरपाईचा दावा मान्य केला पण अपंगत्वाचे टक्के, ज्यांवर दरमहाचे पैसे ठरतात, ते दिले शून्य, आणि आता पुढे लढायचं की सोडून द्यायचं ते कळत नाही. सोडू नका. माझ्या नवऱ्याचं अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घ्या की शून्य म्हणजे नकार नव्हे. आजाराचं निदान, नोकरीत घडलेली घटना आणि या दोन्हींना जोडणारं वैद्यकीय मत, या तीन गोष्टींवर पुष्कळ दावे अडकतात. तुमचा दावा ती पायरी चढून गेलाय. आजार नोकरीमुळे झाला हे आता कागदावर आहे. प्रश्न उरलाय तो फक्त 'किती' एवढाच.

आणि हे 'किती' दुखण्याच्या तीव्रतेवर ठरत नाही. व्हीएच्या टक्के ठरवण्याच्या नियमांत मायग्रेनचा कोड ८१००. त्यात सगळी मदार 'प्रोस्ट्रेटिंग' या एका शब्दावर आहे, म्हणजे माणसाला आडवं पाडणारा, रोजची साधी कामंही करू न देणारा झटका. गेल्या काही महिन्यांत असा झटका सरासरी दोन महिन्यांतून एकदा येत असेल तर १० टक्के, महिन्यातून एकदा येत असेल तर ३०. फार वारंवार येणारे, पूर्ण आडवं पाडणारे, लांबणारे आणि कमाईवर गंभीर परिणाम करणारे झटके असतील तर ५०. मायग्रेनला त्याच्यावर टक्के नाहीत. ५० साठी नोकरी गेलेलीच असावी लागते असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. २००४ मध्ये पिअर्स विरुद्ध प्रिन्सिपी या खटल्यात कोर्टाने ते स्पष्ट केलंय.

आमची चूक दाव्यासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीत झाली. नवरा साताऱ्याकडचा, घरात तीन पिढ्या फौजी. दुखणं बोलून दाखवायचं नाही हे अंगात मुरलेलं. डॉक्टरांनी विचारलं, डोकं दुखतं तेव्हा काय करता? हा म्हणाला, गोळी घेतो, निभावतो. अहवालात तेच उतरलं आणि निर्णयातही तेच आलं.

घरात मी जे बघते ते वेगळंच होतं. दिवे बंद करून हा बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून पडलेला असतो. दाराच्या फटीत टॉवेल, कारण पॅसेजमधला उजेडसुद्धा सोसत नाही. त्या दिवशी घरात फोडणी पडत नाही, हिंगाचा वास आला की उलटी ठरलेली. मुलांना मी दही-भात देऊन वरच्या खोलीत पाठवते. हे सगळं त्या डॉक्टरांना कोण सांगणार होतं?

आई दुधाचा हिशेब कालनिर्णयावर लिहायची, तीच सवय मला. इथे दुधाचा हिशेब नाही, पण त्याच चौकोनांत मी पेन्सिलीने लिहीत गेले होते: 'डोकं, दुपारी २ पासून', 'उलटी', 'कामावर गेला नाही'. दाव्यासाठी म्हणून नव्हे, डॉक्टरांना दाखवायला. चौदा महिने मोजले तर अंथरूण धरायला लावणारे एकोणीस झटके निघाले. त्या पानांच्या प्रती, सोबत इंग्रजी भाषांतर, २१-१०२१० या फॉर्मवर मी जे डोळ्यांनी पाहिलं त्याचं निवेदन, आणि त्याच्या कामावरचा रजांचा तक्ता, एवढं जोडून आम्ही पुन्हा दावा केला. नव्याने तपासणी झाली. या वेळी तो खरं बोलला, आणि ३० टक्के मिळाले, तेही मूळ दाव्याच्या तारखेपासून.

आता तुमच्यापुढचे रस्ते. फेब्रुवारी २०१९ पासून तीन आहेत. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. जुन्याच कागदांत सगळं होतं पण ते नीट वाचलं गेलं नाही असं वाटत असेल तर हायर लेव्हल रिव्ह्यू, फॉर्म २०-०९९६. त्यात नवा कागद एकही चालत नाही, मात्र वरिष्ठ अधिकाऱ्याशी फोनवर बोलायला मागता येतं. तिसरा रस्ता व्हीएच्या अपील बोर्डाचा, तो लांबतो. तुमच्याकडे आज नोंदी नसतील तर पहिलाच रस्ता धरा, म्हणजे आता ठेवलेल्या नोंदी नवा पुरावा म्हणून जोडता येतील. आधी तपासणीचा अहवाल मागवा आणि यजमान तिथे काय बोलून आले ते स्वतः वाचा.

नोंदी आजपासून सुरू करा. तारीख, वेळ, किती तास, काय बुडलं. जे दिवस चांगले गेले ते चांगलेच राहू द्या. एकही झटका वाढवून लिहू नका, खऱ्या नोंदीत जोर असतो. ट्रिप्टानसारखी मायग्रेनवरची गोळी चालू असेल तर औषधाच्या दुकानातली यादीही काढून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर २०२५ च्या दराने एकट्या माणसाला ३० टक्क्यांचे महिन्याला ५३७ डॉलर आणि ५० चे ११०२ डॉलर, करमुक्त. यजमानांचे बाकी आजारही मंजूर असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, हे लक्षात असू द्या. मदतीसाठी डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधीकडे जा, ते एक पैसा घेत नाहीत. 'टक्के वाढवून देतो, आधी पैसे भरा' म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका.

निर्णयाच्या पत्रावरची तारीख कोणती आहे? त्या तारखेपासून वर्षाच्या आत अर्ज गेला तर मागची तारीख टिकते. वर्ष उलटलं तर वाढीचा दावा करता येतो, पण मधल्या महिन्यांचे पैसे बहुतेक हातचे जातात. तारीख बघून इथेच कळवा, मग पुढचं सांगते.