बोरिवलीत राहतो, नवीन रोड बाइक घेतली आहे. रविवारी सकाळी गोराई-मनोरी-उत्तन बेटावर कोणता रूट करावा? एकट्याने गेलं तर सेफ आहे का?

उलटा लूप मार. बोरिवलीचे बहुतेक लोक काय करतात, घरापासून जवळ म्हणून सकाळी सकाळी गोराई जेट्टीवरून बोट पकडतात, पलीकडे उतरतात, गोराईवरून उत्तन, मग भाईंदर आणि शेवटी दहाच्या उन्हात काशिमीरा ते दहिसर हायवेने ट्रकांच्या मधून घरी. मी पण पहिली दोन वर्षं हेच केलं आणि दर वेळी घरी येऊन ठरवलं की आता परत नाही. मग एकदा एका म्हाताऱ्या सायकलवाल्या काकांनी सांगितलं की अरे हायवे साडेपाचला संपवून टाक ना, बोट शेवटी ठेव. तेव्हापासून मी तसंच करतो.

म्हणजे पहाटे सव्वापाचला बोरिवलीतून निघायचं, दहिसर चेकनाका, काशिमीरा, तिथून डावीकडे गोल्डन नेस्टवरून भाईंदर पूर्व, रेल्वे क्रॉस करून पश्चिमेला. उजाडायच्या आत हा कंटाळवाणा भाग संपतो. पुढे मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागोमाग एक लागतात, नावं पाठ करून ठेव, रस्ता चुकलास तर लोक नाक्याचं नाही, गावाचं नाव सांगतात. मग डोंगरी, मग उत्तन नाका. तिथून दक्षिणेला वळलास की गोराई, आणि गोराई जेट्टीवरून बोटीने घरी. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर, चौक गाव किंवा मनोरी जोडलंस तर पन्नासच्या जवळ जातं.

उलटं जायचं दुसरं कारण वारा. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून येतो आणि अगदी मंद असतो, पण आठ-नऊनंतर ऊन चढलं की समुद्रावरचा सुरू होतो, तो साधारण वायव्येकडून. उत्तनहून गोराई-मनोरीकडे तू दक्षिणेला येत असतोस, म्हणजे पाय दमलेले असताना वारा पाठीशी. सरळ लूप मारणारे नेमके तेव्हाच उत्तनकडे वाऱ्याला तोंड देऊन जात असतात, ते समोरून येताना त्यांचे चेहरे बघ.

बेट म्हटलंयस म्हणून सांगतो, भाईंदरच्या बाजूने जाताना तुला कुठेच बेटावर चढल्यासारखं वाटणार नाही, मिठागरं आणि खाजण मागे पडतात आणि आपण पलीकडे असतो. पण उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला मनोरीची, पश्चिमेला समुद्र, आणि जुनं नाव धारावी बेट. (झोपडपट्टीवाली धारावी वेगळी.) पोर्तुगीजांचा इथला किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मार्चमध्ये घेतला आणि मग मे महिन्यात वसई पडली. तो किल्ला चौक गावाकडे, आता फार काही शिल्लक नाही, पण उत्तन नाक्यावरून उजवीकडे तीन-चार किलोमीटर आत जाऊन तिथून एकदा समोर बघ, खाडीपलीकडे वसई दिसते आणि हा किल्ला आधी का घ्यावा लागला ते पुस्तकात चार वेळा वाचून कळलं नव्हतं ते मला सायकलवर बसल्या बसल्या कळलं.

आता सेफ आहे का. गुंडगिरीच्या अर्थाने विचारत असशील तर काहीच प्रॉब्लेम नाही, मी नव्वद टक्के वेळा एकटाच जातो. धोके वेगळे आहेत.

पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे मासळीचं पाणी. उत्तन हे मोठं बंदर आहे, पहाटे मासळीचे टेम्पो भाईंदरकडे निघतात आणि बर्फाचं वितळलेलं पाणी मागून गळत असतं. ते नुसतं पाणी नाही, त्यात तेलकट चिकट असतं, आणि ते नेमकं वळणांवर आणि स्पीडब्रेकरवर जास्त सांडतं कारण तिथे टेम्पो हलतो. २५ मिलिमीटरच्या बारीक टायरवर वळणात ब्रेक मारलास तर गेलास. डांबरावर काळा चकचकीत पट्टा दिसला आणि वास आला की सायकल सरळ ठेव, ब्रेक वळणाच्या आधीच मार. जमलं तर टायर २८ चे टाक, गावातून पेव्हर ब्लॉक आहेत तिथेही बरं पडतं.

दुसरं, उत्तनजवळ धावगीच्या डोंगरावर डम्पिंग ग्राउंड आहे, कचऱ्याचे डंपर याच रस्त्याने जातात. त्यांच्या मागे मागे राहू नकोस, थांब, पाणी पी, पुढे जाऊ दे. वासाबद्दल बोलत नाही, कळेलच.

तिसरं कुत्रे. गोराईच्या अलीकडे एक टोळी आहे, पळवू नकोस सायकल, उतर आणि चालत जा, लगेच कंटाळतात.

बाकी उत्तन ते गोराई हा पट्टा म्हणजे या राइडचं खरं बक्षीस. केशवसृष्टीवरून झाडीतून रस्ता जातो, चढ-उतार आहेत पण किरकोळ, पेडलजवळच्या छोट्या चक्रावर (चेनरिंग) बसून निघतात. झाडीतून बाहेर आलं की ग्लोबल विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी कळस दिसायला लागतो, जवळपास शंभर मीटर उंच आहे त्यामुळे मनोरीपर्यंत कुठूनही दिसतो, मी त्यालाच होकायंत्र समजतो. लहानपणी शाळेच्या ट्रिपला एस्सेलवर्ल्डला आलो होतो तेव्हा यातलं काही दिसलंच नाही, बोटीतून उतरलो आणि थेट गेटात.

गोराईहून मनोरी जेट्टी पाचेक किलोमीटर, कुळवेमवरून, हा तुकडा सपाट आहे. रविवारी सकाळी चर्च सुटायच्या वेळी रस्ताभर माणसं असतात, सगळे इस्ट इंडियन (इथले मूळचे ख्रिस्ती), कोळी, छान कपड्यांत, तिथे वेग दाखवायला जाऊ नकोस, बेल वाजवून हळू जा. मालाडला कोणाकडे जायचं असेल तर मनोरीवरून मार्वेची बोट पण आहे, पाच-दहा मिनिटांत पलीकडे.

उत्तनला मात्र थांब. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत गेलास तर किनाऱ्याला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगलेले, मधे ना चिमटा ना गाठ. लांबून पडद्यासारखे दिसतात. मी पहिल्यांदा फोटो काढायच्या नादात सायकल मागे मागे घेत गेलो आणि मागचं चाक वाळत टाकलेल्या जवल्यावर (अगदी बारीक कोळंबी). मावशी ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "आता तू उचल." पाऊण तास मी हातातले ग्लोव्हज काढून वाळू बाजूला करत जवला गोळा करत होतो आणि त्या शेजारी बसून मला शिकवत होत्या की मूठ भरू नको, चिमटीने घे, तुटतो. नंतर चहा त्यांनीच पाजला. तर रस्त्याच्या कडेला गुलाबीसर काही पसरलेलं दिसलं तर ती माती नाही.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, टेम्पोही कमी, म्हणजे रस्ता कोरडा असायला हवा, पण तेव्हा पाऊस. बोटीही पावसात बेभरवशाच्या, त्या दिवसांत जेट्टीवर जाऊन परत फिरायची तयारी ठेव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. डिसेंबरमध्ये घराघरांवर चांदण्या लावलेल्या असतात, पहाटे अंधारात मस्त दिसतात.

बोटीचं एक. आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेव. भरतीला बोट जेट्टीच्या लेव्हलला असते, सायकल उचलून नुसती द्यायची, खलाशी घेतो. ओहोटीला बोट खाली जाते आणि तुला शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागतात, खांद्यावर सायकल आणि पायात क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट. मी तिसऱ्या पायरीवर घसरलो होतो. मला काही झालं नाही पण सायकल डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बाजूने पडली, तो धरणारा हँगर वाकला, आणि घरी पोचेपर्यंत मागे एकच गिअर होता. आता मी जेट्टीवर बूट काढून सॅकमध्ये टाकतो आणि चपला घालतो, लोक हसतात, हसू देत. सायकलचे वेगळे पैसे घेतात, सुटे ठेव.

बेटावर रोड बाइकचं दुकान नाही असंच धरून चाल. पंक्चरवाले आहेत पण त्यांच्या कॉम्प्रेसरला आपला प्रेस्टा व्हॉल्व्ह (रोड बाइकच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह) बसत नाही, वीस-तीस रुपयांचा अडॅप्टर मिळतो तो सॅडल बॅगेत टाकून ठेव, शिवाय दोन ट्यूब, लिव्हर, पंप.

एकदा हा लूप अंगवळणी पडला की भाईंदरहून वसईची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) घे, २०२४ मध्ये सुरू झाली, वेळा आधी बघून जा. उतरल्यावर वसई किल्ला, आणि मग अर्नाळ्यापर्यंत वाड्यांमधून जाता येतं. पण तो वेगळा दिवस, तो वेगळा विचार, लिहीन.

आणि घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकलवर बादलीभर गोडं पाणी ओत, पुसून चेनला तेल दे. खारा वारा आणि ते मासळीचं पाणी, दोन्ही मिळून आठवड्याभरात बोल्ट तांबडे करतात, माझ्या बॉटल केजचे अजून तसेच आहेत. पावडर, शाम्पू काही नको, नुसतं पाणी चालतं. वास मात्र दोन दिवस राहतो, सायकल हॉलमध्ये ठेवत असशील तर घरच्यांना आधीच सांगून ठेव.