क्लॅट पुन्हा द्यायची की नाही?

प्रश्न : क्लॅटमध्ये (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) १२० पैकी ६५.५ गुण पडले. मॉकमध्ये (सराव परीक्षांत) ८० च्या खाली कधीच आले नव्हते. ड्रॉप घ्यावा का, म्हणजे एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का?

६५.५ वरून काहीच ठरत नाही. हे गुण कसे पडले, ते आधी बघा. आपली ओएमआर (गोळे रंगवलेली उत्तरपत्रिका) आणि अंतिम उत्तरसूची शेजारी शेजारी ठेवून मोजायला बसा. समजा, १०८ प्रश्न सोडवले, ७४ बरोबर, ३४ चूक. प्रत्येक चुकीचा पाव गुण, असे ८.५ वजा, म्हणजे ६५.५. आता दुसरा हिशोब : ७८ सोडवले, ६८ बरोबर, १० चूक, २.५ वजा. तेही ६५.५! पण हे दोन अगदी वेगळे विद्यार्थी आहेत.

पहिल्याचा वेग ठीक आहे, अचूकता ढिली आहे. त्याने प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावं : उतारा अर्धवट वाचला, दोन पर्यायांत अडकलो, की निव्वळ ठोकून दिलं. गंमत म्हणजे सगळे निगेटिव्ह मार्किंगच्या नावाने बोटं मोडतात. पण चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तरी सरासरीने किंचित फायदाच होतो, पर्याय कळत-नकळत एकाच चुकीकडे ओढत नसले तर. खरं नुकसान दोन मिनिटं घालवून चुकलेल्या प्रश्नात असतं. लीगल रीझनिंगमध्ये, म्हणजे कायद्याच्या तर्काच्या विभागात, हे हमखास होतं. नियम उताऱ्यात दिलेला असतो आणि विद्यार्थी उत्तर देतो क्लासमध्ये शिकलेल्या कायद्यावरून. अशी सवय काही महिन्यांत मोडते.

दुसऱ्याचे ४२ प्रश्न कोरेच राहिले. उतारे साधारण ४५० शब्दांचे, १२० प्रश्नांना १२० मिनिटं. वाचनाचा वेग शेवटच्या दोन महिन्यांत वाढत नाही. वर्षभर रोज वाचायची तयारी असेल तरच त्याने ड्रॉपचा विचार करावा.

तुमच्या बाबतीत मॉक आणि परीक्षेत निदान साडेचौदा गुणांची तफावत आहे. मॉक घरी, स्क्रीनवर दिल्या होत्या का? क्लॅट कागदावर होते आणि १२० गोळे रंगवायलाही वेळ लागतो. ते काम शेवटच्या दहा मिनिटांवर ढकललं तर घाईत एक ओळ सरकते आणि पुढचं सगळं चुकतं. प्रत्येक उतारा संपला की त्याचे गोळे तिथल्या तिथे भरायचे. तफावत अशा कारणाने असेल, तर पुन्हा द्या.

प्रश्न : मॉकमध्ये ६८ ते ७२, परीक्षेत ७०. आणखी एक वर्ष दिलं तर?

परीक्षेने तुमचं माप बरोबर घेतलं आहे. त्याच क्लासमध्ये, त्याच वह्या घेऊन वर्ष काढलं तर पुन्हा तिथेच याल. त्यात चालू घडामोडींचे २८ ते ३२ प्रश्न असतात आणि त्यांची बरीचशी तयारी नव्याने करावी लागते. गणिताचे मात्र १० ते १४ प्रश्न असतात आणि सगळी आकडेमोड दहावीच्या पातळीची. ते सोडून देत असाल, तर तिथले गुण सर्वांत स्वस्तात मिळतील. बदल काय करणार, हे एका कागदावर लिहून काढा. कागद कोराच राहिला तर ड्रॉप नको.

प्रश्न : माझी रँक राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या कटऑफपेक्षा बरीच खाली आहे. आशा सोडू का?

कोणता कटऑफ पाहिलात? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या तिन्ही विद्यापीठांत महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा आहेत आणि त्यांची शेवटची रँक वेगळी लागते. अखिल भारतीय रकाना पाहून निराश होणारे दरवर्षी भेटतात. अधिवास प्रमाणपत्र हाताशी ठेवा आणि आपल्या प्रवर्गाचा रकाना वाचा. तुलना रँकशीच करा. पेपर दरवर्षी सारखा कठीण नसतो, त्यामुळे मागच्या वर्षीचे गुण यंदा लावून काही कळत नाही.

प्रश्न : मिळालेल्या कॉलेजात प्रवेश घेऊन शेजारी क्लॅटची तयारी केली तर चालेल का?

चालतं. वयाची कमाल मर्यादा नाही. मात्र गुण त्याच वर्षापुरते असतात आणि यश आलं तर पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागेल. परीक्षा अलीकडे डिसेंबरमध्ये होते, म्हणजे ती सत्र परीक्षेच्या आसपासच येते. हजेरीही सांभाळायची असते. शुल्क भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या : प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते आणि मूळ कागदपत्रं किती दिवसांत मिळतात.

प्रश्न : मुलीला ड्रॉप नको आहे, आम्हाला वाटतं घ्यावा.

तर घेऊ नका. तिने एमएच-सीईटी लॉ (महाराष्ट्राची विधी प्रवेश परीक्षा) दिली असेल तर तिथून पुण्या-मुंबईची नावाजलेली महाविद्यालयं मिळू शकतात. अजून द्यायची असेल तर एवढं सांगा की तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटची सवय लागलेले नेमके इथेच गुण घालवतात. आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठाचं दार पाच वर्षांनी एलएलएमसाठी (कायद्याची पदव्युत्तर पदवी), तिच्याच क्लॅट-पीजी या प्रवेश परीक्षेतून, पुन्हा उघडतंच.