विथ बिल की विदाउट बिल? नव्या कॅमेऱ्याबद्दल थोडं सविस्तर

तू वय बावीस लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तुझा प्रश्न असा: फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, आणि सोबत येणारी किट लेन्स. आपल्या कोल्हापुरात अधिकृत डीलरकडं पक्क्या बिलासह १,४२,०००. तेच मॉडेल मुंबईतला एक ओळखीचा माणूस १,१९,००० ला देतोय, 'सीलबंद पीस, इंटरनॅशनल वॉरंटी, फक्त बिल मागू नका' म्हणून. तुळशीच्या लग्नानंतर तुझ्या हातात लग्नाच्या फोटोंच्या सात ऑर्डरी आहेत, आणि २३ हजारांत चांगली फ्लॅश नि दोन बॅटऱ्या येतील असा तुझा हिशोब आहे.

आता माझा हिशोब बघ. डिजिटल कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे. २०१७ ला सुरुवातीला तो २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला. मधल्या दीड वर्षात बिनबिलवाल्यांची रोज दिवाळी होती. १,४२,००० मध्ये दडलेला कर काढला तर २१,६६१ रुपये निघतात. म्हणजे तुझ्या २३ हजारांतले जवळजवळ सगळे पैसे बिल न फाडण्याचेच आहेत. त्याच्या खिशातनं तुला मिळाले जेमतेम तेराशे. तेवढी सूट इथला डीलरसुद्धा चहा पाजून देतो.

कंपनीच्या अधिकृत वाटेनं न आलेल्या मालाला ग्रे म्हणतात. ग्रे म्हटलं की लोक लगेच 'चोरीचा माल' म्हणतात, ते काही खरं नाही. कंपनीच्या भारतातल्या शाखेला बाजूला ठेवून दुसऱ्या कुणीतरी बाहेरच्या देशातनं कंपनीचाच अस्सल माल रीतसर कर भरून आणला, तर त्याला समांतर आयात म्हणतात. सॅमसंगच्या प्रिंटरवरून असा एक खटला झाला होता. त्यात २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं अशा विक्रीला मनाई केली नाही, पण दुकानदाराला अट घातली: माल आयात केलेला आहे आणि विक्रीनंतरची सेवा कंपनी देणार नाही, आम्ही देणार, असं ठळक लिहून लावा. आता तुझ्या मुंबईच्या माणसाला विचार, हेच वाक्य बिलावर लिहून देतोस का? जो बिलच देत नाही तो वाक्य कुठं लिहिणार! त्याचा पीस रीतसर आलाय, कुणाच्या बॅगेतनं आलाय की कुणी परत केलेला पुन्हा सील करून ठेवलाय, हे तुला कधीच कळणार नाही. माझी खरी हरकत त्यावर आहे.

'इंटरनॅशनल वॉरंटी' या शब्दावर तर बिलकूल विसंबू नकोस. बॉडीची वॉरंटी बहुतेक कंपन्या जिथं विक्री झाली त्या देशापुरती किंवा भागापुरतीच देतात. काही लेन्सना जगभर चालणारं कार्ड मिळतं, दुकानदार तेच बॉडीलाही लावून दाखवतो. अमेरिकेत तर निकॉनची शाखा ग्रे माल पैसे देऊनसुद्धा दुरुस्त करून देत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. २०१८ ला, त्या २८ टक्क्यांच्या काळात, मीही असाच एक बिनबिलाचा पीस घेतला होता. १९ हजार वाचले म्हणून घरी पेढे नेले. पाचव्या महिन्यात गडहिंग्लजच्या एका लग्नात, अक्षता पडायच्या दहा मिनिटं आधी, शटर अडकलं. स्क्रीनवर एरर, बॅटरी काढून घातली तरी तेच. जुनी क्रॉप (लहान सेन्सरची) बॉडी बॅगेत होती म्हणून अब्रू वाचली. अधिकृत सर्व्हिसवाल्यानं सीरियल नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि शांतपणे म्हणाला, "हा नंबर आमच्या यादीत नाही, वॉरंटीत बसत नाही." मग राहिली दुकानाची वॉरंटी. पार्सल मुंबईला गेलं. रोज फोन केला की एकच उत्तर, पार्ट हाँगकाँगहून येतोय. कॅमेरा हातात आला सत्तेचाळिसाव्या दिवशी. तोवर ११ दिवस भाड्याची बॉडी, दिवसाला दीड हजार, म्हणजे साडेसोळा हजार गेले. १९ मधनं राहिले अडीच हजार, आणि त्यातलेही काही कुरिअरनं खाल्ले. पेढ्यांचा खर्च धरलेला नाही.

आपल्याच गावात शंभरेक वर्षांपूर्वी बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवला होता. त्यांचा बिघडला तर मेकॅनिक घरातच होता. आपल्याला पुण्या-मुंबईकडं तोंड करून बसावं लागतं, म्हणून दुरुस्तीची वाट किती लांब आहे हे आधी बघायचं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील दादा डीलरचा माणूस आहे. अधिकृत वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. ती फक्त कंपनीच्या कारखान्यातल्या दोषापुरती. पडला, पाणी गेलं, धूळ गेली, तर वॉरंटी संपली. आणि आपल्याकडं कॅमेरे मरतात ते असेच. जोतिबाच्या चैत्र यात्रेत लेन्स बदलायला गेलास की गुलाल थेट सेन्सरवर. दाजीपूरचा पाऊस तर कव्हरातनंही आत शिरतो. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या माझ्या एका दोस्ताचं सगळं सामान पाण्यात गेलं. त्याला पैसे मिळाले ते वॉरंटीतनं नाही, विम्यातनं, आणि विमा कंपनीनं पहिल्यांदा मागितलं ते बिल. सीरियल नंबर लिहिलेलं बिल. तेव्हा पक्क्या बिलाचा उपयोग वॉरंटी कार्डापेक्षा जास्त इथंच झाला असं मी म्हणेन.

विकताना तेच. चार वर्षांनी बॉडी विकायला काढलीस की समोरचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) नंतर विचारतो, आधी विचारतो, "बिल हाय का?" नाही म्हटलं की किंमत तिथंच घसरते, आणि घसरायलाच पाहिजे.

अधिकृत दुकानात गेलास म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. काही ठिकाणी एकाच काउंटरवर दोन्ही माल असतो. डीलरचं नाव कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवरच्या यादीत आहे का ते घरूनच बघून जा. बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असलेलं लेबल असायलाच पाहिजे, तो २०११ च्या वजनमापाच्या नियमांचा भाग आहे. ग्रे पीसवर हे लेबल नसतं, किंवा असतं ते घरच्या प्रिंटरवरचं. बॉक्स, बॉडीचं बूड आणि बिल या तिन्हीवर सीरियल नंबर एकच आहे का ते मोठ्यानं वाचून बघ, लाजू नकोस. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं सुरू होतो. तो जीएसटी पोर्टलवर टाकलास की दुकानाचं खरं नाव दिसतं. 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे चुकते करायच्या आधी दुकानातच उभा राहून कंपनीच्या भारतातल्या साइटवर तो सीरियल नंबर टाकून बघ. नंबर स्वीकारला तर निम्मं काम झालं. साइट नाही म्हणाली तर दुकानदार म्हणेल "सर्व्हर डाउन आहे, उद्या होईल." मग उद्याच घ्यायचा.

ऑनलाइनलाही हाच नियम. ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर माल बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी विक्रेता विकत असतो. त्या विक्रेत्याचं नाव वाच, वरचा लोगो नको.

किट फोडण्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण १,१९,००० मध्ये ते असू शकतं. बॉडी आणि लेन्सचा कंपनीचा एक बॉक्स फोडून दोन गिऱ्हाइकांना विकतात. लेन्स पांढऱ्या साध्या खोक्यात येते, बॅटरी कधी कधी डुप्लिकेट निघते. माल अस्सलच असतो, पण कागद एकाकडं आणि माल दुसऱ्याकडं.

जपानहून आलेला सोनी दिसला तर मेन्यू उघडून बघ. तिथल्या बाजारासाठी केलेल्या कित्येक बॉड्यांत फक्त जपानी भाषा असते, इंग्रजी घालता येत नाही. व्हिडिओ करणार असशील तर पाल (आपल्याकडची, सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत) आणि एनटीएससी (जपान-अमेरिकेतली, ३० फ्रेमची) यांचंही बघ. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची. कार्यालयातल्या ट्यूबलाइटी आणि स्वस्त एलईडी माळांखाली १/६० शटर ठेवलंस की नवरीच्या तोंडावरनं पट्टे सरकतात. फक्त एनटीएससीवाल्या बॉडीतही शटर १/५० किंवा १/१०० करून भागतं, पण दुसऱ्या कॅमेरावाल्याचं फुटेज २५ फ्रेमचं आणि तुझं ३० चं झालं की एडिटिंगला बसणारा तुझ्या नावानं बोटं मोडतो.

मग बाहेरचं कधीच घ्यायचं नाही का? मी घेतो, लेन्स. माझी एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स दुबईच्या मावसभावानं तिथल्या दुकानातनं त्याच्या नावाच्या बिलासकट आणली. विमानतळावर किती रुपयांचं सामान विनाशुल्क आणता येतं ते त्या त्या वेळी बघून घ्यायचं, २०१६ च्या नियमात ५० हजार होतं. त्या लेन्सला इथं वॉरंटी नाही हे मला माहीत होतं, आणि ती बंद पडली तरी माझं काम थांबत नाही. छंदाला पक्षी टिपणाऱ्या रंकाळ्यावरच्या आमच्या काकांनीही ग्रे बॉडी घेतली, सात वर्षं मस्त चालू आहे. त्यांची बिघडली असती तर बगळे थांबले असते, मुहूर्त थांबत नाही. तुझ्या हातात सात मुहूर्त आहेत आणि दुसरी बॉडी नाही. तू डीलरकडनंच घे. दसरा-दिवाळीच्या ऑफरची वाट बघ, सीझनच्या आधी हातात येईल. कॅशबॅक, जादा बॅटरी, कार्ड, बॅग मागून घे. घासाघीस केलीस तर फरक १२-१३ हजारांवर येईल असा माझा अंदाज. फ्लॅश पहिल्या दोन ऑर्डरींच्या पैशातनं घे, तोवर भाड्यानं आण.

कधी वाजलंच तर पक्क्या बिलावर कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान मुंबईचं असलं तरी. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथं दाद मागायची सोय आहे. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून बघ, बऱ्याच दुकानदारांना तेवढं पुरतं.

शेवटी तू विचारलंस, जीएसटी नंबर काढला तर ते २१ हजार परत मिळतील का. नंबर असेल, बिल त्या नंबरवर असेल आणि तू कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) नसशील तर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर तुझ्या पुढच्या करातनं वजा होतो, खरं आहे. पण मग तुला प्रत्येक लग्नाच्या बिलावर १८ टक्के लावावे लागतील. नवरीच्या बापाला त्याचं क्रेडिट मिळत नाही. त्याला तू सरळ १८ टक्के महाग पडशील, आणि तो शेजारच्या गल्लीतल्या पोराकडं जाईल. वर रिटर्नं भरत बसायचं. सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत आपल्याकडं नोंदणीची सक्ती नाही. तू अजून त्याच्या जवळपासही नाहीस. फक्त कॅमेऱ्यासाठी नंबर काढू नकोस. कंपन्यांची कामं मिळायला लागली की सीएकडं जा, तेव्हाची पुढची बॉडी त्या नंबरवर घे.