उंबराची पानं पिवळी पडताहेत? खत नको, आधी माती बघा

"पावसाळ्यात उंबराच्या बोन्सायची माती चार-चार दिवस ओलीच राहते, पानं पिवळी होऊन गळताहेत, खत वाढवू का?" हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. कृपा करून खत घालू नका. नऊ वर्षं वाढवलेला माझा वड अगदी असाच गेला.

तेव्हा मी पुण्यातल्या एका नर्सरीतून 'तयार बोन्साय मिश्रण' आणलं होतं. कोकोपीट, लाल माती, गांडूळखत, विटांचा चुरा. ऐकायला सगळं बरोबर, पण चुऱ्यात निम्मी भुकटी होती आणि मी ती न चाळता तशीच भरली. जुलैच्या झडीत ती भुकटी खाली बसली, तळाला चिखल झाला. पानं पिवळी दिसल्यावर त्याच नर्सरीत विचारायला गेलो. झाड घेऊन या, एवढंही कुणी म्हटलं नाही; "खत कमी पडतंय" म्हणून डबा हातात दिला. मी दोनदा घातलं. शेवटी झाड कुंडीतून काढलं तर मुळं काळी, साल बोटाला लागून निघत होती. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: कुठला घटक यापेक्षा दाणा केवढा, हे महत्त्वाचं. 2 ते 5 मिमीचा ठेवा, 2 मिमीपेक्षा बारीक भुकटी चाळून फेकून द्या. मी पक्क्या विटेचे तुकडे 3 भाग, धुतलेली जाड नदीची वाळू 2 आणि चाळलेलं जुनं शेणखत 1 भाग घेतो. वीट रात्रभर पाण्यात ठेवून चिमटीत दाबा. चिखल झाला तर ती कच्ची. हे प्रमाण माझ्या पुण्यातल्या गच्चीचं आहे. कोकणात असाल तर शेणखत निम्मं करा. जपानी अकाडामा (बोन्सायसाठी वापरतात ती दाणेदार माती) चांगलाच, पण वड-उंबरासाठी एवढा खर्च मला पटत नाही.

तळाला खडीचा थरही नको. पाणी त्या थराच्या वरच अडतं आणि उथळ कुंडीत मुळांना कोरडी जागा उरत नाही.

आज एवढं करा: कुंडी पावसातून काढून उजेडात ठेवा आणि एका बाजूखाली वीट सरकवून तिरकी करा, बरंच पाणी निघून जाईल. मग कडेची थोडी माती उकरून मुळं बघा. पांढरी-तपकिरी आणि टणक असतील तर माती वाळू द्या, घाई नको. काळी, मऊ असतील तर ऋतूची वाट न बघता कुजलेली कापून आजच माती बदला. मुळांचा फोटो टाका, मी रात्री बघतो.